लेस माइल्स जुगारी होते का? चौथा डाउन, घड्याळ आणि पत्रकार परिषद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या २००७ च्या एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विरुद्ध ऑबर्न सामन्याचा शेवट तुम्ही पाहिलात. फील्ड गोल मारून (लाथेनं चेंडू उभ्या खांबांमधून पार करून) सामना खिशात घालता येत असताना एलएसयूचे कोच लेस माइल्स यांनी थेट एंड झोनमध्ये, म्हणजे जिथे चेंडू नेला की सहा गुणांचं टचडाउन होतं त्या गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, पास का टाकायला लावला? हा माणूस हुशार होता की नुसता नशीबवान? आणि पत्रकारांशी ते इतकं आडवळणानं का बोलायचे?

मी बरीच वर्षं ह्यूस्टनजवळच्या एका हायस्कूल संघासाठी व्हिडिओ विश्लेषण करतो. शुक्रवारी रात्री सामना झाला की शनिवारी प्रत्येक प्ले (म्हणजे एकेक चाल) वेगळा कापायचा आणि त्याच्यापुढे डाउन, अंतर, यार्डरेषा, घड्याळ, उरलेले टाइमआउट (घड्याळ थांबवायच्या मोजक्या संधी) असे रकाने भरायचे, हे माझं काम. माइल्स यांच्याकडेही मी याच रकान्यांतून बघतो. तसं पाहिलं तर डावपेचात ते जुगारी नव्हतेच. घड्याळाच्या बाबतीत मात्र बेफिकीर होते. पत्रकारांनी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी ‘मॅड हॅटर’ (वेडा टोपीवाला) या एकाच टोपणनावात कोंबल्या, माइल्स यांनी ते खपवून घेतलं, आणि त्याचा त्यांना आधी फायदा झाला, मग तोटा.

आधी चौथा डाउन. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येकाला डाउन म्हणतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर बहुतेक कोच चौथ्यावर पंट मारून चेंडू लांब ढकलतात, नाहीतर जवळ असतील तर फील्ड गोल मारून तीन गुण घेतात. चौथ्यावरही चाल करायची आणि फसली, तर चेंडू तिथेच समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून तिला धाडस म्हणतात. पण एक यार्ड हवा असेल तर ती चाल साधारण तीनातून दोनदा यशस्वी होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी त्याच दशकात व्यावसायिक फुटबॉलची आकडेवारी तपासून दाखवलं होतं की संघ गरजेपेक्षा फारच जास्त वेळा पंट करतात. कोचला ते कळत नाही असं नाही. पंट करून हरलं तर दोष खेळाडूंवर जातो, चाल करून हरलं तर कोचवर. तिथे खरी मेख आहे.

आता ६ ऑक्टोबर २००७ ची रात्र घ्या. एलएसयूचं घरचं मैदान, बॅटन रूजचं टायगर स्टेडियम, समोर गतविजेता फ्लोरिडा, त्यांचे कोच अर्बन मायर, क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टिम टीबो. एलएसयू मध्यंतराला १७-७ नं मागे. त्या रात्री माइल्स पाच वेळा चौथ्या डाउनवर चाल खेळले आणि पाचही वेळा ती साधली. त्यात एक फसवा फील्ड गोल होता: चेंडू धरून ठेवायला बसलेला मॅट फ्लिन, जो संघाचा क्वार्टरबॅकही होता, उठून स्वतःच पळाला. चौथ्या डाउनवरच टाकलेला एक पास डिमिट्रियस बर्डनं टचडाउनसाठी झेलला. आणि शेवटी २४-२१ अशी पिछाडी असताना आठ मिनिटांहून अधिक वेळ खाणारी एक लांबलचक चढाई, जिच्यात दोनदा चौथा डाउन आला आणि दोन्ही वेळा चेंडू घेऊन धावायला तो जेकब हेस्टरच्या पोटाशी दिला गेला. दुसऱ्या वेळी तर फील्ड गोल मारून बरोबरी करण्याइतकं अंतर होतं. माइल्स यांनी बरोबरी नाकारली. १ मिनिट ९ सेकंद उरले असताना हेस्टर एंड झोनमध्ये घुसला आणि २८-२४ असा निकाल लागला.

हे पाहताना सगळे त्या चौथ्या डाउनचं कौतुक करतात. मी तिसऱ्याकडे बघायला सांगेन. कोचनं मनाशी पक्कं केलं असेल की चौथ्यावर आपण चाल करणारच, तर तिसऱ्या डाउनचा अर्थच बदलतो. सहा यार्ड हवे असताना एरवी पास टाकावाच लागतो आणि बचावालाही ते ठाऊक असतं. पण हातात दोन प्रयत्न आहेत असं धरलं, तर तिसऱ्यावर धावून चार मिळवायचे आणि चौथ्यावर उरलेले दोन. बचावाला आता धाव की पास हे ओळखता येत नाही. म्हणजे निर्णय चौथ्या डाउनला घेतलेलाच नसतो, तो त्याच्या आधी झालेला असतो. आमच्या हायस्कूलच्या पोरांनाही हे समजायला अर्धा मोसम जातो. ज्याला लोक ऐनवेळची लहर समजतात, ती चांगल्या कोचच्या बाबतीत आठवड्याभरात ठरलेली गोष्ट असते.

फसव्या किकचंही तसंच. फ्लोरिडाच्या सामन्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी, साउथ कॅरोलायनाविरुद्ध, फ्लिननं गुडघ्यावर बसल्या बसल्या मागे न बघता चेंडू खांद्यावरून उडवला आणि किक मारणारा कोल्ट डेव्हिड तो झेलून १५ यार्ड पळत टचडाउन करून आला. समोरच्या बाजूला कोच स्टीव्ह स्परियर होते, जे स्वतः असल्या खेळ्यांसाठी नावाजलेले. एकदा असा प्ले टीव्हीवर दिसला की पुढच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला सरावातला वेळ त्यासाठी खर्चावा लागतो आणि किक अडवायला दोन-तीन माणसं कमी सोडावी लागतात. एखादा फलंदाज रिव्हर्स स्वीप मारतो हे कळलं की कप्तानाला थर्ड मॅनला एक क्षेत्ररक्षक ठेवावाच लागतो, मग तो फटका त्या दिवशी आला नाही तरी, तसंच हे. ‘मॅड हॅटर’ हे नाव पत्रकारांनी डोक्यावरची पांढरी टोपी आणि असल्या खेळ्या पाहून दिलं. माइल्स यांनी ते कधी झटकलं नाही, कारण ते नाव दर शनिवारी मैदानावर त्यांचं काम करत होतं.

आता तुमचा ऑबर्न सामना, २० ऑक्टोबर २००७. एलएसयू २४-२३ असं मागे. चेंडू ऑबर्नच्या २२ यार्डरेषेवर. फील्ड गोल मोजताना त्यात एंड झोनचे दहा आणि चेंडू धरणारा मागे बसतो ते सातेक यार्ड मिळवायचे असतात, म्हणजे किक ३९ यार्डांची. तुम्ही तिला सोपी म्हणता, मी म्हणणार नाही. कॉलेजच्या पातळीवर इतक्या लांबून, इतक्या दडपणाखाली किक चुकणं यात नवल काही नसतं. शिवाय समोरची फळी ती अडवूही शकते. पास टाकण्यामागचा हिशोब साफ होता: झेलला तर टचडाउन, चुकला तर घड्याळ थांबतं आणि किक उरतेच. बर्ड एकट्या बचावपटूसमोर होता. फ्लिननं टाकलेला पास त्यानं एंड झोनमध्ये झेलला. ३०-२४.

इथवर मी माइल्स यांच्या बाजूनं आहे. पण चित्रफीत पुन्हा लावा आणि या वेळी चेंडू न बघता घड्याळ बघा. हातात एक टाइमआउट शिल्लक असताना सेकंद नुसते वाहून जातात. स्नॅप (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होणं) होतो तेव्हा दहाहून कमी सेकंद उरलेले असतात, आणि झेल पूर्ण होतो तेव्हा एक. फक्त एक! पास जरा उंच गेला असता, किंवा बर्डच्या बोटांना लागून दोनदा हवेत उडाला असता, तर किक मारायला वेळच उरला नसता. प्ले निवडण्यात चूक नव्हती. तो वीस सेकंद आधी खेळला असता तर त्यात धोकाही फारसा नव्हता. जो धोका होता तो कुणी ठरवून घेतलेला नव्हता, तो हलगर्जीपणातून आला होता. दुसऱ्या दिवशी मात्र सगळीकडे बातमी एकच: माइल्स यांचं काळीज वाघाचं.

माझी तक्रार याच बातमीबद्दल आहे. निकाल चांगला लागला म्हणून घड्याळाचा प्रश्न कुणी लावून धरला नाही, आणि तो दोन वर्षांनी दार ठोठावत आला. नोव्हेंबर २००९, मिसिसिपीतलं ऑक्सफर्ड, समोर ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ). एलएसयू दोन गुणांनी मागे. ऑनसाइड किक, म्हणजे आपणच मारलेली आखूड किक, पुन्हा पकडून चेंडू परत हातात आलेला. एका प्लेत संघ मागे सरकला आणि त्यानंतर टाइमआउट घ्यायला इतका उशीर झाला की तब्बल सतरा-एक सेकंद हवेत विरले. मग एक लांब पास टेरन्स टॉलिव्हरनं गोलरेषेजवळ झेलला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता. किक मारणारी तुकडी मैदानात पोचलीच नाही. क्वार्टरबॅक जॉर्डन जेफरसननं घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला, वेळ संपली, २५-२३ नं हार. नंतर माइल्स यांनी शेवटच्या क्षणांचा दोष स्वतःवर घेतला. पण पुढच्याच मोसमात, ऑक्टोबर २०१० मध्ये, टेनेसीविरुद्ध गोलरेषेजवळ खेळाडू आत-बाहेर पळताहेत, कुणाला काय खेळायचंय ते कळत नाही आणि स्नॅप क्वार्टरबॅकच्या बाजूनं निघून जातो, असा प्रकार पुन्हा झाला. टेनेसीचे खेळाडू जल्लोष करू लागले होते. पण त्या गडबडीत टेनेसीनंच मैदानात तेरा माणसं उतरवली होती. दंड झाला, एक प्ले वाढवून मिळाला, स्टेव्हन रिडली आत घुसला, १६-१४. याला मी नशीब म्हणतो, निखळ नशीब.

त्याच्या पुढच्याच शनिवारी गेन्सव्हिलला फ्लोरिडाविरुद्ध जे झालं, ते लोक याच माळेत ओवतात, आणि ते चूक आहे. २९-२६ अशी पिछाडी, चौथा डाउन, तीन यार्ड हवेत, सेकंद थोडे. फसवा फील्ड गोल. चेंडू धरायला बसलेल्या होल्डरनं डोक्यावरून मागे उडवलेला चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन जोश जॅस्परच्या हातात आला आणि तो पुरेसे यार्ड पळाला. पास पुढच्या दिशेनं असता आणि जमिनीला लागला असता तर तिथेच खेळ खलास होता. मागच्या दिशेनं टाकलेला चेंडू मात्र जमिनीला लागला तरी जिवंत राहतो. पंचांनी चित्रफीत तपासून तो मागे गेला होता असंच ठरवलं. टप्पा पडणं हा योगायोग, पण चेंडू मागे जाईल अशीच त्या प्लेची आखणी असते, आणि त्यामुळेच तो टप्पा परवडला. सहा सेकंद राखून टॉलिव्हरनं टचडाउन झेललं, ३३-२९.

आणि सगळे डाव साधले असंही नाही, हे लक्षात ठेवा. त्याच २००७ मध्ये केंटकीविरुद्ध तिसऱ्या जादा डावात चौथ्या डाउनला धाव घेतली, केंटकीनं ती रोखली आणि ४३-३७ अशी हार झाली. डाव फसला, तरी मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. निकालावरून निर्णय मापायचा नसतो, हे मी मुलांना दर शनिवारी सांगतो आणि त्यांच्या पालकांना त्याहून जास्त वेळा.

आता पत्रकार. बॅटन रूजमध्ये मोसमात सोमवारी दुपारी माइल्स पत्रकारांसमोर बसत. वाक्य एका दिशेनं सुरू व्हायचं, मधेच वळायचं आणि भलत्याच ठिकाणी संपायचं. प्रश्न डाव्या टॅकलच्या (आक्रमक फळीतल्या खेळाडूच्या) दुखापतीचा असला तर उत्तरात संघाची जिद्द, कुटुंबाची भावना, स्टेडियमची रात्र सगळं यायचं, पण दुखापत यायची नाही. पुष्कळांना वाटायचं, या माणसाला नीट बोलताच येत नाही.

तसं असतं तर १ डिसेंबर २००७ ची सकाळ घडली नसती. अटलांटात टेनेसीविरुद्ध एसईसीची (दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या साखळीची) अंतिम लढत होती. काही तास आधी ईएसपीएनवर कर्क हर्बस्ट्रीट यांनी बातमी दिली की माइल्स मिशिगनला जाणार. बातमी पटण्यासारखी होती, कारण माइल्स मिशिगनचेच, तिथले कोच बो शेम्बेक्लर यांच्या हाताखाली खेळलेले. सामन्याच्या तोंडावर त्यांनी पत्रकारांना बोलावलं आणि एक-दोन मिनिटांत विषय संपवला: ईएसपीएनवरची माहिती चुकीची आहे, मी एलएसयूचा कोच आहे आणि राहणार आहे, सामन्याच्या दिवशी मला माझ्या संघाला हे सांगत बसावं लागलं ही वाईट गोष्ट आहे, बाकीचं नंतर विचारा, मी कामात आहे. दिवस चांगला जावो म्हणाले आणि निघून गेले. एकही वाक्य वळलं नाही, एकही शब्द वाया गेला नाही. जखमी फ्लिनच्या जागी रायन पेरिलूला खेळवून त्यांनी तो सामना २१-१४ असा जिंकला. त्याच रात्री क्रमवारीत पुढे असलेले मिझुरी आणि वेस्ट व्हर्जिनिया हरले, सातव्या क्रमांकावरचं एलएसयू दुसऱ्यावर आलं, आणि जानेवारीत ओहायो स्टेटला ३८-२४ हरवून दोन पराभवांसह राष्ट्रीय विजेतं ठरलं. असं त्याआधी बीसीएसच्या (राष्ट्रीय विजेता ठरवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीच्या) काळात कधी झालं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की सोमवारचं ते आडवळण बऱ्याच अंशी जाणूनबुजून होतं. ती ढाल होती, आणि ढालीमागे बहुतेक वेळा खेळाडू असत. ऑगस्ट २०१२ मध्ये टायरन मॅथ्यूसारख्या देशभर गाजलेल्या खेळाडूला संघातून काढावं लागलं तेव्हा नियम मोडला एवढंच सांगून त्यांनी तपशिलाला हात लावला नाही. त्याच वर्षी ओल मिसला ४१-३५ हरवल्यावर मात्र ते पत्रकारांवर जवळजवळ ओरडलेच: ही मुलं कशी झुंजली ते पाहा, त्यांना जाऊन मिठी मारा! त्या काळी बिनपगारी खेळणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलांवर दर आठवड्याला टीका व्हायची, तेव्हा कुणीतरी मध्ये उभं राहायला हवं होतं. माइल्स उभे राहत, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. गवत खाण्याचा किस्साही असाच. नोव्हेंबर २०१० मध्ये अलाबामाला २४-२१ हरवताना कॅमेऱ्यानं त्यांना मैदानातलं गवत उपटून तोंडात घालताना टिपलं. आपण या मैदानाचाच एक भाग आहोत याची ती आठवण आहे, असं त्यांनी नंतर सांगितलं. आठवडाभर सगळे गवतावर बोलत राहिले. चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असताना डिअँजेलो पीटरसन या टाइट एंडला (एरवी अडवणाऱ्या किंवा पास झेलणाऱ्या खेळाडूला) दिलेली उलटी धाव, जिनं २३ यार्ड मिळवून सामना फिरवला, ती कशी रचली हे फारसं कुणी विचारलंच नाही. कोचला याहून सोयीचं काय असणार?

पण ढाल आतल्या माणसाचीही दृष्टी अडवते. ९ जानेवारी २०१२, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, राष्ट्रीय अंतिम सामना. १३-० अशा मोसमानंतर एलएसयूनं अलाबामाविरुद्ध अख्ख्या सामन्यात ९२ यार्ड केले, मध्यरेषा जेमतेम एकदा ओलांडली आणि २१-० नं सामना गमावला. जेफरसन चाचपडत असताना राखीव क्वार्टरबॅक जॅरेट ली बाकावरच बसून राहिला. पत्रकार परिषदेत न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे माजी क्वार्टरबॅक आणि रेडिओवरचे निवेदक बॉबी हेबर्ट उठले आणि प्रश्नापेक्षा भाषणच जास्त केलं: लीला का उतरवलं नाही, लांब पास का टाकले नाहीत? त्यांचा मुलगा एलएसयूच्या आक्रमक फळीत खेळत होता, त्यामुळे त्यांनी तो प्रश्न विचारणं व्यवसायाच्या दृष्टीनं गैरच होतं. प्रश्न मात्र शंभर टक्के योग्य होता. माइल्स यांनी उत्तर दिलं ते एवढंच की अलाबामाचा दबाव पाहता पळू शकणारा क्वार्टरबॅक हवा होता. चौथ्या डाउनला एवढा मोकळा विचार करणारा माणूस क्वार्टरबॅकच्या बाबतीत इतका हटवादी कसा? ‘मॅड हॅटर’ नावाच्या कोचला कुणी ‘तुम्ही फार जपून खेळता’ असं म्हणत नाही. त्या नावानं त्यांना खऱ्या टीकेपासून वाचवलं आणि त्यामुळेच ती टीका त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली. पुढची चार वर्षं देशभर पासिंग बदलत गेलं, एलएसयूचं आक्रमण मात्र बरंचसं जुन्याच वळणावर राहिलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांना काढणार अशा बातम्या रोज येत होत्या. टेक्सस ए अँड एमविरुद्धच्या विजयानंतर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं आणि त्याच रात्री ते राहणार असं जाहीर झालं. तो अवधी दहा महिन्यांचा ठरला.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली, ती टाळून हे उत्तर देणं अप्रामाणिकपणा होईल. २०१३ मध्ये विद्यापीठानं करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल बाहेर आला, त्यात विद्यार्थिनींशी अनुचित वागण्याचे आरोप होते. माइल्स यांनी ते नाकारले, पण तोवर ते ज्या कॅन्ससमध्ये कोच होते तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं. आठ वर्षं ते कागद बंद राहिले. कोचभोवतीच्या मौनाचा उपयोग खेळाडूंना सांभाळण्यासाठी होतो तसा इतर गोष्टी झाकण्यासाठीही होऊ शकतो, आणि ‘रंगतदार माणूस’ अशी प्रतिमा रंगवण्यात रमलेल्या आम्हा सर्वांना तेव्हा ते दिसलं नाही. पुढे खेळाडूच्या वडिलांना दिलेल्या पैशांच्या प्रकरणात २०१२ ते २०१५ चे ३७ विजयही नोंदीतून रद्द झाले. मैदानावरच्या निर्णयांचं विश्लेषण त्यानं बदलत नाही. त्या माणसाकडे बघण्याची नजर मात्र बदलते, माझी तरी बदलली.

तुम्ही पुढे काय पाहावं ते सांगतो. २४ सप्टेंबर २०१६ चा सामना शोधा, पुन्हा ऑबर्नविरुद्धच. एलएसयू १८-१३ नं मागे, शेवटचे सेकंद, गोलरेषा जवळ. डॅनी एटलिंगनं पास टाकला, डी. जे. चार्कनं तो एंड झोनमध्ये झेलला, एलएसयूचे खेळाडू नाचू लागले. मग चित्रफीत तपासली गेली: स्नॅप होण्याआधीच घड्याळ शून्यावर आलं होतं. टचडाउन रद्द. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं माइल्स यांना काढलं. हा सामना आणि २००७ चा, दोन्ही शेजारी लावा, खेळाडू झाका आणि फक्त घड्याळ आणि टाइमआउट लिहून काढा. आणि कधी कोचसमोर माइक धरून बसायची वेळ आली, तर ‘एवढं धाडस कसं केलंत’ असं विचारू नका. तिसऱ्या डाउनला धाव का घेतली, ते विचारा.